बॅज कशासाठी, परमिट कोणासाठी?

मालाड स्टेशनबाहेर मालवणीच्या शेअर रिक्षात बसताना चालवणाऱ्याचे कागद आपण मागत नाही. मागून उपयोगही नाही. रांगेत पुढे असेल ती रिक्षा आपली. त्याला गाडी नीट चालवता येते का, ही तपासणी आपल्या वतीने कुणीतरी आधीच करून ठेवावी, यासाठी परवाना. परवान्याचे याहून सबळ समर्थन आम्हाला ठाऊक नाही.

पण 'परवाना' या एका शब्दात आपण तीन गोष्टी कोंबतो. लायसन्स म्हणजे वाहन चालवता येते. बॅज म्हणजे प्रवासी नेण्यास हा माणूस योग्य आहे. आणि परमिट म्हणजे अमुक रिक्षा भाड्याने फिरवायची मुभा. पहिले दोन माणसाकडे बघतात. तिसऱ्याची संख्या गोठवली, की ते ना चालकाकडे बघते ना प्रवाशाकडे.

आपल्याकडे १९९७ साली नेमके हेच झाले. नवी परमिटे थांबली, ती जवळपास वीस वर्षे. रस्ते अपुरे होते, धूर वाढला होता. कारणे पोकळ नव्हती. पण उपनगरे वाढत गेली आणि परमिटाला चाळीतल्या खोलीच्या पागडीसारखे मोल आले. ज्याच्याकडे परमिट नाही तो दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवू लागला. बॅज याचा, घाम याचा, आणि दिवसाची पहिली कमाई परमिटवाल्याची! भाडे सुटेपर्यंत हँडल सोडता येत नाही. आता सांगा, दमलेल्या हातांमुळे प्रवासी अधिक सुरक्षित झाला का?

जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'त म्हटले आहे की परीक्षा घ्या, उत्तीर्णांना प्रमाणपत्र द्या, पण त्याला किती किंमत द्यायची ते लोकांवर सोडा. रिक्षाच्या रांगेत हे चालणार नाही. निवड करायला तिथे वावच नसतो. म्हणून बॅज सक्तीचा हवा. मात्र तो मिळवणाऱ्यापुढे आकड्याची भिंत का?

(२०१६ साली नव्या परमिटसाठी मराठीची अट आली, मार्च २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कायद्याची बाजू वेगळी. पण 'डावीकडे घ्या' हे कळायला हवे ते चालवणाऱ्याला, म्हणजे अट घालायचीच तर ती बॅजला शोभते.)

२०१७ मध्ये संख्येवरची बंदी उठली. जुने रिक्षावाले म्हणतात, धंदा वाटला गेला. त्यांचे दुःख खरे आहे. पदरमोड करून परमिट मिळवले, ते सरकारनेच मौल्यवान केले होते आणि सरकारनेच स्वस्त केले. त्यांच्यासाठी काही सोय व्हायला हवी होती, असे आम्हाला वाटते. पण गर्दीचे कारण पुढे करून परमिटे पुन्हा बंद करा म्हणणाऱ्यांनी एस. व्ही. रोडवर संध्याकाळी उभे राहून खासगी मोटारीही मोजाव्यात. एकेकटा माणूस बसलेल्या त्या मोटारींच्या संख्येवर कधी कुणी बंदी घातली नाही.