वेल्डिंगवाचून धुराच्या नळीचा जोड

इंजिनात बिघाड झाला की शेतकऱ्याचे लक्ष प्रथम पंप, पट्टा आणि डिझेलची टाकी यांकडे जाते. धूर वाहून नेणारी नळी मात्र बहुधा दुर्लक्षित राहते. नळीचा जोड सैल झाला तरी आवाज थोडा वाढला, एवढेच जाणवते. आणि पाणी तर चालू आहे, या समाधानात दिवस जातात. वस्तुतः अशा जोडातून आवाजाबरोबर विषारी वायू आणि प्रसंगी ठिणग्याही बाहेर पडतात. इंजिन विहिरीच्या आतील टप्प्यावर किंवा बंद खोपीत असेल, तर सैल जोड माणसाचा जीव घेऊ शकतो. ट्रॅक्टर मळणीच्या खळ्यावर उभा असेल, तर वर्षाची कमाई जाळू शकतो.

हा जोड दुरुस्त करण्यास प्रत्येक वेळी वेल्डिंगच हवे असे नाही. पाना, कानस आणि लोखंड कापण्याची करवत एवढ्या साधनांनी शेतावरच टिकाऊ जोड करता येतो.

वेल्डिंगच्या अडचणी

धुराची नळी पातळ असते. गंजाने झिजलेला भाग वेल्डिंगच्या उष्णतेने सांधला जाण्याऐवजी वितळून भोक मोठे होते. पाण्याच्या जस्ती नळीचा तुकडा धुरासाठी लावलेला असेल, तर वेल्डिंग करताना जस्ताची वाफ निघते व ती हुंगणाऱ्यास थंडी वाजून ताप भरतो. जवळच डिझेलची टाकी असल्यास आगीचेही भय असते. शिवाय नट-बोल्टने आवळलेला जोड पुढे केव्हाही उघडून नळीतील काजळी काढता येते. वेल्डिंग केलेल्या जोडाची ही सोय नाही.

एकात एक बसणारा जोड

प्रथम इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. नळीचा गंजलेला भाग ठोकून पाहावा व निकोप धातू लागेपर्यंत कापून टाकावा. कापलेली कडा कानशीने गुळगुळीत करून आतबाहेरचा गंज व काजळी पुसून काढावी.

इंजिनाकडील नळी आत आणि सायलेन्सरकडील नळी बाहेर, हा नियम पाळावा. त्यामुळे वाहणारा धूर कडेवर आदळत नाही. उभ्या नळीत याच रचनेमुळे पावसाचे पाणीही जोडाच्या बाहेरून ओघळून जाते. दोन नळ्या एकमेकींत ४० ते ५० मिलिमीटर शिरल्या पाहिजेत. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी समोरासमोर दोन उभ्या चिरा पाडाव्यात, म्हणजे क्लॅम्प आवळताच ती आतील नळीला घट्ट बिलगते. चिरांची लांबी ३० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नळी जितकी आत शिरली तिच्याहून कमी ठेवावी. अन्यथा चिरेतूनच धूर निसटेल.

दोन्ही नळ्या एकाच मापाच्या असतील, तर त्यांवर सुमारे १०० मिलिमीटर लांबीची जाड बाही चढवून दोन्ही बाजूंस एकेक क्लॅम्प लावावा. क्लॅम्प रुंद पट्टीचा अथवा यू-बोल्टचा असावा. रबरी पाइपावरची बारीक क्लिप उष्णतेने ढिली पडते. ती येथे उपयोगाची नाही.

जोडण्यापूर्वी आतील नळीवर सायलेन्सर पेस्टचा पातळ थर द्यावा. पेस्ट फट बुजवते. भार पेलत नाही. भार क्लॅम्पनेच पेलावयाचा असतो. साधे इपॉक्सी लांबण या उष्णतेपुढे टिकत नाही. पूर्ण भाराखाली इंजिनाजवळच्या धुराचे तापमान ४०० ते ६०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते.

फ्लँजचा जोड

इंजिनाच्या तोंडाशी फ्लँजचा जोड अधिक चांगला. दोन्ही फ्लँजचे तोंड सपाट व स्वच्छ करून मध्ये उष्णता सोसणारे नवे गॅस्केट घालावे. बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने थोडेथोडे आवळावेत. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडू नये. ओले करून काढावे, कारण त्याची धूळ फुफ्फुसांना घातक आहे.

एक मीटर लांबीची पोलादी नळी ४०० अंशांनी तापली की सुमारे ५ मिलिमीटर वाढते. म्हणून लांब नळीला ठिकठिकाणी टेकू द्यावा, पण ताठ जखडू नये. नळीचे वजन इंजिनाच्या तोंडावर लटकू देऊ नये. नळीचा व्यासही मूळच्यापेक्षा कमी करू नये. तसे केल्यास धूर कोंडतो, ताकद घटते आणि डिझेल अधिक जळते.

जोडाची परीक्षा

थंड इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले तर जोड गळतो. काही तास काम झाल्यावर जोडाभोवती काजळीची रेघ दिसली, तर तेही गळतीचेच चिन्ह होय. पहिल्यांदा तापून थंड झाल्यावर नट पुन्हा एकदा आवळावेत.

विहिरीतील धोका

धुरातील कार्बन मोनॉक्साइड या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट बांधला जातो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही पहिली लक्षणे. त्यानंतर माणूस बेशुद्ध पडतो. पेट्रोल व रॉकेलवरील इंजिनांत हा वायू अधिक, डिझेलमध्ये कमी. तथापि कोंडलेल्या जागी तोही पुरेसा घातक ठरतो.

विहिरीत पेटता कंदील सोडून हवा पाहण्याची रीत गावोगाव आहे. प्राणवायू फार कमी असेल तर कंदील विझतो, हे खरे. परंतु प्राणघातक कार्बन मोनॉक्साइड असतानाही तो जळत राहू शकतो. या परीक्षेवर विसंबू नये.

पंप सुमारे ६ ते ७ मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढू शकत नाही, म्हणून इंजिन विहिरीत उतरवले जाते. जोड कितीही उत्तम असला तरी हे टाळावे. पाणी खोल असल्यास विजेवरील अथवा सौर पाणबुडी पंप बसवावा. विहिरीत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागे तसेच उतरू नये. इंजिन वरून बंद करता येत असेल तर करावे, १०८ क्रमांकावर कळवावे व मदतीची वाट पाहावी. मागे उतरलेला माणूसही बहुधा वर येत नाही.

कोठे हात घालू नये

मॅनिफोल्डलाच तडा गेला असेल, तर क्लॅम्प निरुपयोगी. तो भागच बदलावा. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे अधिक कडक नियम लागू झाले. त्यांच्या धूरमार्गात शुद्धीकरणाची साधने व संवेदक असू शकतात. तेथे कापाकापी न करता जाणत्या कारागिरास दाखवावे.

रब्बीच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी गावातील एका इंजिनावर हा जोड करून दाखवावा आणि त्याच वेळी कंदिलाची गोष्टही सांगावी. काम तासाभराचे आहे. ते पाहिलेला शेतकरी आपल्या इंजिनाचा जोड स्वतःच तपासू लागेल.