लष्करी घराण्यातील शिकारी रायफल : पारख, किंमत आणि कागद

आमच्या बाजारातील एका बुजुर्ग सूत व्यापाऱ्याचा इंतकाल झाला. चाळीसाव्यानंतर घरातील सामान पाहताना लाकडी पेटीत कापडात गुंडाळलेली एक रायफल निघाली. मुले दोन, दोघांनाही शिकारीची हौस नाही. धाकटा दुकानावर येऊन आम्हाला विचारू लागला, "चाचा, जुना विलायती माल आहे, बी.एस.ए.चा. काय भाव येईल?" भाव सांगणे आमचे काम नव्हे. पण या मालाची माहिती जुन्या शौकिनांच्या सोबतीने आम्हाला थोडीफार झाली आहे, आणि अशी पेटी आणखी काही घरांत असेल, म्हणून हे लिहितो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की बोल्ट मागे ओढून काडतूस भरावयाच्या बहुतेक जुन्या शिकारी रायफली लष्करी घराण्यातील आहेत. जर्मनीच्या माउझर कारखान्याने १८९८ साली फौजेसाठी जी रचना केली, तिच्यावरच लंडनच्या नामांकित कारागिरांनी शिकारी रायफली बांधल्या. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध रायफल रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल ती त्यांना भेट मिळाली. आत रचना माउझरची, आणि .२७५ हे नाव इंग्रजी असले तरी काडतूस माउझरचेच सात मिलिमीटरचे. हेच काडतूस १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकरी इंग्रज फौजेवर झाडत होते. इंग्रजांनी दुश्मनाचा माल नाव बदलून आपल्या दुकानात मांडला. व्यापारात हे नवे नाही.

आपल्या देशात मात्र सर्वात जास्त दिसते ती .३१५ बोअरची रायफल. हिची कहाणी मजेदार आहे. इंग्रज फौजेची रायफल ली-एनफिल्ड, काडतूस .३०३. फौजेचे काडतूस रयतेच्या हाती असेल तर चोरीचा दारूगोळा बंडखोरांच्या कामी येईल, ही सरकारला धास्ती. म्हणून हिंदुस्थानात .३०३ वर बंधने आली. मग कारखानदारांनी तोड काढली. रायफल तीच ली-एनफिल्डच्या घाटाची ठेवली, पण नळी आठ मिलिमीटरची बसविली, म्हणजे इंचात .३१५. काडतूस घेतले ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेच्या मानलिखर रायफलीचे, जे इथल्या फौजेच्या कोठारात मिळणारच नव्हते. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने, जिच्या सायकली व मोटारसायकली आपल्या वडिलांच्या पिढीने वापरल्या, असा माल हिंदुस्थानासाठी पाठविला. पुढे बंगालमधील ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्यानेही .३१५ बनविली. म्हणजे दोन फौजांचे रक्त या एका रायफलीत आहे, आणि कायद्याच्या एका अडचणीने तिला जन्म दिला. .३०३ बोअर आजही सर्वसामान्य परवान्यावर मिळत नाही.

परदेशात याहून वेगळा प्रकार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजांनी काढून टाकलेल्या रायफली इंग्लंड-अमेरिकेत मातीमोल भावाने विकल्या गेल्या. लोकांनी घरी नेऊन पुढचे लाकूड कापले, नळी आखूड केली, दुर्बीण बसविण्यास भोके पाडली आणि हरणाच्या शिकारीला निघाले. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेलसारख्या कंपन्यांनी हेच काम सफाईने व मोठ्या प्रमाणावर केले. तेव्हा हा शहाणपणाचा सौदा होता. आज संग्राहक न कापलेली रायफल शोधतो, कारण कापलेले लाकूड पुन्हा वाढत नाही. कारखान्यातूनच शिकारी म्हणून निघालेली रायफल आणि फौजेची कापून शिकारी केलेली रायफल, या दोन वेगळ्या जिनसा आहेत. दोघींचा भाव एक समजणारा फसतो.

पारख करावयाची ती शिक्क्यांवरून. आपण थान उलगडले की टोकाचा गिरणीचा शिक्का आधी पाहतो, तसेच इथे. ली-एनफिल्डच्या कुंद्याजवळ लोखंडी पट्ट्यावर मुकुट, कारखान्याचे नाव व साल असते. ईशापूरच्या जुन्या मालावर मुकुटाखाली 'जी.आर.आय.' ही बादशहाची अक्षरे मिळतात. बाणाचे चिन्ह म्हणजे सरकारी मालमत्ता. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर तो माल सरकारने रीतसर विकून टाकलेला आहे. मग क्रमांक पाहावेत. नळीवरचा, सांगाड्यावरचा आणि बोल्टच्या मुठीवरचा क्रमांक एकच असला तर रायफल जन्मापासून एकत्र आहे. जुळत नसतील तर कोठेतरी जोडाजोड झाली आहे. त्यात किंमत जातेच, शिवाय दुसऱ्याचा बोल्ट नीट बसला आहे की नाही हे जाणकार कारागिराकडून तपासल्याशिवाय गोळी झाडणे धोक्याचे.

नळीत दिवा धरून पाहावे. जुन्या लष्करी काडतुसांच्या टोपीतील मसाल्याने बार झाल्यावर नळीत क्षार राहतो, तो हवेतील ओल ओढतो आणि गंज चढतो. फौजेतील लोक त्यासाठी आधी गरम पाणी ओतून मग तेल लावीत. ज्यांनी नुसते तेल लावले त्यांच्या नळीतील आटे खड्डे पडून खराब झालेले असतात.

आणि एक गोष्ट, जी कारागीर मंडळींना कदाचित पटणार नाही. जुन्या रायफलीला पॉलिश करू नये. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावरचे शिक्के पुसट होतात, जुना काळानिळा रंग गेला की परत येत नाही. आमच्या त्या मित्राच्या मुलांनी कौतुकाने सुताराकडून कुंदा घासून त्यावर चमकदार वार्निश मारून घेतले होते. पाहायला आलेल्या शौकिनाने कुंद्यावरून बोट फिरविले आणि रायफल परत कापडात ठेवली.

नामांकित लंडनच्या मालाला आणखी एक आधार असतो. तिथल्या काही कारखानदारांनी आपल्या जुन्या वह्या जपल्या आहेत. क्रमांक कळविला तर ती रायफल कोणत्या साली, कोणासाठी बनली हे निघते. अशी नोंद मिळाली तर भाव चढतो. आपल्याकडे किती दुकानांत आजोबांच्या खातेवह्या शिल्लक आहेत?

आता कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार संपली, आणि १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशातून बंदूक आणणे बंद झाले. जुन्या विलायती मालाला इथे भाव आहे तो या टंचाईमुळे. पण हा नाण्यांचा किंवा घड्याळांचा शौक नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात, वडिलोपार्जित असली तरीही. जास्तीचे जमा करावे लागले, आणि कित्येक जुने संग्रह त्या वेळी फुटले. पुराणवस्तू म्हणून सूट आहे, पण जे हत्यार दुरुस्त करूनही चालणार नाही त्यालाच. .३१५ बेधडक चालते.

परवानाधारक वारला की त्याचा परवाना घरच्यांच्या कामाचा राहत नाही. रायफल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी लागते, मग वारसाने आपल्या नावाचा परवाना मागावयाचा. विनापरवाना बाळगल्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने दोन ते पाच वर्षे कैद इतकी वाढली आहे. विकावयाची तर घेणाराही परवानाधारक हवा, आणि जिल्हा दंडाधिकारी अथवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. २०१६ च्या नियमांत एक सोय मात्र आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे असले, तर तो हयातीतच ते वारसाच्या नावे करण्याचा अर्ज देऊ शकतो. आमच्या मित्रासाठी दोन्ही अटी कधीच पूर्ण झाल्या होत्या. फक्त अर्ज राहिला.

मुलांनी आठ महिने पेटी घरात ठेवली होती. आम्ही वकिलाचा सल्ला घ्यावयास लावला आणि रायफल विक्रेत्याकडे जमा झाली, त्याचे महिन्याचे भाडे चढत आहे. वारसाच्या अर्जाला भावाची संमती लागते. सध्या पावती थोरल्याकडे आहे, वडिलांचे जुने लायसन धाकट्याकडे.