चारशे हर्ट्झची दुनिया

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची. लढाऊ विमानात ती असते ११५ व्होल्ट, ४०० हर्ट्झची. एवढा फरक कशासाठी? वजनासाठी! फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढ्याच कामाला ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि मोटरीत लोखंड कमी लागतं. घरच्या इन्व्हर्टरचं धूड एकट्याने हलवून बघा, म्हणजे विमानात किलो-किलोचा हिशेब का चालतो ते लगेच पटेल.

या चारशे हर्ट्झच्या दुनियेत राबणारे हवाई दलाचे आणि नौदलाचे तंत्रज्ञ बातम्यांत फारसे दिसत नाहीत. फोटो छापून येतो तो वैमानिकाचा. विमानाच्या पोटात डोकं खुपसून मल्टिमीटर लावणाऱ्याचाही यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

मर्फीचा नियम वायरिंगमधून आला!

‘जे बिघडू शकतं ते बिघडणारच’ हा मर्फीचा नियम आपण लोकल चुकली तरी वापरतो. पण तो जन्मला अमेरिकी हवाई दलाच्या तळावर, १९४९ साली, कॅलिफोर्नियात. जॉन स्टॅप नावाचे लष्करी डॉक्टर रॉकेटवर चालणाऱ्या गाडीत बसून, अचानक ब्रेक लागल्यावर माणसाचं शरीर किती झटका सोसतं, ते तपासत होते. कॅप्टन एडवर्ड मर्फी यांनी तो झटका मोजणारे सेन्सर आणले. चाचणी झाली आणि हाती आलं शून्य! सेन्सरच्या वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मर्फी वैतागून जे बोलले, त्याचाच पुढे नियम झाला.

त्या वैतागामागचा विचार मोलाचा आहे. एखादी जोडणी चुकीची होऊ शकत असेल, तर कधीतरी कुणीतरी ती तशी करणारच. म्हणून ती चुकीची होऊच नये अशी रचना करा. विमानातला गोल कनेक्टर हातात घेऊन पाहा. कडेला खाचा असतात आणि समोरच्या भागात त्यांना जुळणारे उंचवटे. ते जुळले नाहीत तर प्लग आत जातच नाही. शेजारी-शेजारी दोन सारखे कनेक्टर असतील तर त्यांच्या खाचा मुद्दाम वेगळ्या जागी ठेवतात. रात्री अडीचला, टॉर्चच्या उजेडात, नुसत्या बोटांनी चाचपून काम करणाऱ्या माणसासाठी ही केवढी मोठी सोय आहे!

खोड्या काढणारी भुतं

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात न सापडणाऱ्या बिघाडांचं खापर ‘ग्रेमलिन’ नावाच्या खोडकर भुतांवर फोडलं जाई. त्याच दलात वैमानिक असलेल्या रोआल्ड डाल यांनी १९४३ मध्ये त्यांच्यावर मुलांसाठी पुस्तकच लिहिलं.

ही भुतं आजही आहेत. वैमानिक उतरून सांगतो, वर असताना डिस्प्ले गेला होता. जमिनीवर तपासावं तर सगळं ठणठणीत! अकरा किलोमीटर उंचीवर बाहेर उणे पन्नासच्या खालची थंडी असते, विमान थरथरत असतं. अशा वेळी एखादी सैल पिन क्षणभर सुटते आणि खाली आल्यावर परत टेकते. मग तंत्रज्ञ वायरींचा जुडगा हळूहळू हलवत, एकेक पिन ओढून बघत बसतो. नौदलाच्या, गोव्यातल्या ‘आयएनएस हंसा’सारख्या समुद्राकाठच्या तळावर भर पडते खाऱ्या हवेची, कारण ती पिनांना गंज चढवते. या कामात हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते, आणि ती शाबासकीची वाट पाहत नाही.

एक स्क्रू-ड्रायव्हर हरवला तर?

विमान उडत नाही. प्रत्येक हत्यारासाठी पेटीत त्याच्याच आकाराची खाच कापलेली असते. काम संपलं की मोजणी, आणि एखादी खाच रिकामी दिसली की शोधाशोध. सगळं जागेवर आलं की मग नोंदी आणि सह्या. आपल्या हवाई दलात हे ‘एफ-७००’ नावाच्या फॉर्मवर होतं. वैमानिकही त्यावर सही करूनच विमान ताब्यात घेतो.

मिग-२५ आणि जुन्या रेडिओचे व्हॉल्व्ह

६ सप्टेंबर १९७६. सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर बेलेन्को आपलं मिग-२५ घेऊन थेट जपानच्या हाकोदाते विमानतळावर उतरला. पाश्चात्त्य तज्ज्ञांनी ते विमान उघडलं आणि चकित झाले: जगातल्या सर्वांत वेगवान लढाऊ विमानाच्या रडारमध्ये जुन्या रेडिओसारख्या व्हॅक्यूम ट्यूब! रडार मात्र भलतंच ताकदवान होतं. याच जातीची टेहळणी विमानं आपल्या हवाई दलाने १९८१ ते २००६ अशी पंचवीस वर्षं बरेलीहून उडवली.

मोबाइलपेक्षा हळू, तरी भरवशाचं

लढाऊ विमानातली उपकरणं आपसात बोलतात ती बहुतेक वेळा ‘१५५३’ नावाच्या डेटा बसवरून. मानक १९७३ चं, वेग सेकंदाला एक मेगाबिट. तुमचा मोबाइल याच्या कितीतरी पुढे आहे! पण इथे मधला नियंत्रक विचारेल तेव्हाच बाकीच्यांनी बोलायचं, म्हणून गोंधळ होत नाही. आपल्या तेजस लढाऊ विमानातही हेच आहे.

नाशिकजवळच्या ओझरचा सुखोई-३० एमकेआय तर चार देशांचं संमेलनच: रशियन, फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय उपकरणं एकाच विमानात. ओझरला ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ (एचएएल) ही विमानं बांधते आणि तिथल्याच हवाई दलाच्या ११ क्रमांकाच्या बेस रिपेअर डेपोत ती पूर्ण उघडून, तपासून पुन्हा जोडली जातात.

हवाई सिपाही ते एअर व्हाइस मार्शल

हवाई दल सुरू झालं तेव्हा तंत्रज्ञांना ‘हवाई सिपाही’ म्हणत. लाहोरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले हरजिंदर सिंग याच पदावर भरती झाले आणि एअर व्हाइस मार्शल होऊन मेंटेनन्स कमांडचे प्रमुख झाले. त्यांच्याच देखरेखीखाली कानपूरला जोडलेलं पहिलं अ‍ॅव्ह्रो विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडालं. मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आज नागपूरला आहे. आणि हवाई दलात सैनिक म्हणून शिरणाऱ्या पोरांची पहिली कवायत होते बेळगावजवळच्या सांबऱ्याला.