अळिंबीच्या रोगांवर ओव्याचं तेल?

अळिंबीचे अनेक मोठे रोग बुरशीमुळे होतात, आणि अळिंबी स्वतःही बुरशीच आहे. खरी अडचण इथेच आहे. टोमॅटोच्या करप्यावर फवारलेलं औषध बुरशीला मारतं आणि झाड सहसा वाचतं, कारण दोघांच्या पेशी वेगळ्या. बटन अळिंबीला ही सोय नाही. तिला वेट बबल हा बुरशीचा रोग झाला की टोपी आणि देठ तयार होण्याऐवजी पांढरा, बेढब गोळा वाढतो, त्यावर तपकिरी थेंब साचतात आणि दुर्गंधी सुटते. ड्राय बबल या दुसऱ्या रोगाची बुरशी तर बेनोमिलसारख्या औषधांना 1970च्या दशकातच सरावली. वापरता येतील अशी औषधं मोजकीच उरल्यामुळे संशोधकांचं लक्ष ओवा, थायम, लवंग, दालचिनीच्या तेलांकडे वळलं.

या तेलांत दम आहे, यात शंका नाही. ओव्यातलं थायमॉल आणि लवंगेतलं युजेनॉल बुरशीच्या पेशीचं आवरण कमकुवत करतात; आतला ऐवज बाहेर झिरपतो आणि वाढ थांबते. पण तेच आवरण अळिंबीच्या तंतूंनाही असतं. म्हणून बशीतल्या प्रयोगात रोगाची बुरशी मेली, एवढ्यावर माझं समाधान होत नाही. त्याच मात्रेत अळिंबीचं काय झालं, हा प्रश्न आधी विचारायला हवा. शिवाय केसिंगच्या, म्हणजे कंपोस्टवर पसरलेल्या थराच्या, मातीतले सेंद्रिय पदार्थ तेल शोषून घेतात आणि उरलेलं उडून जातं. परिणाम साधायला मात्रा वाढवावी, तर पिकालाच धोका. ओव्याच्या तेलातलं थायमॉलचं प्रमाणही वाण आणि हंगामानुसार बदलतं, त्यामुळे एका बाटलीचा हिशोब दुसरीला लागू पडत नाही.

‘मग हा नाद सोडूनच द्यायचा का?’ असं कोणी विचारेल. अजिबात नाही. माझ्या मते तेलांची खरी जागा उभ्या पिकावर नाही. दोन पिकांच्या मधल्या रिकाम्या खोलीत, रॅकवर आणि अवजारांवर आहे. तिथे अळिंबीचे जिवंत तंतू नसल्याने निवडक माराची गरजच उरत नाही, आणि तेलाचं उडून जाणं हा दोष न राहता सोयीचा गुण ठरतो. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक’ हा दुसरा युक्तिवाद मात्र मुळीच पटत नाही. शुद्ध थायमॉल कातडी भाजतं, डोळ्यांना इजा करतं.

अळिंबीसाठी मात्रा ठरवून दिलेलं, मान्यताप्राप्त उत्पादन हाती येईपर्यंत बाजारातली बाटली बेडवर ओतू नका. रोगट गोळा दिसला तर पाणी देण्याआधी ओल्या कागदात धरून अलगद उचला, त्या जागी मीठ टाका, आणि हात धुतल्याशिवाय पुढच्या बेडला हात लावू नका.