उजाडलेल्या घरातून हास्याच्या मंचावर

मागच्या महिन्यात बिरसीला आपाकडे गेलो होतो. गोंदियाजवळचे हे गाव आता विमानतळामुळे ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी येथे धावपट्टी बांधली, पुढे वैमानिकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि मार्च 2022 पासून प्रवासी विमानही उतरू लागले. दुल्हेभाईंच्या शेताचा एक तुकडा विस्तारात गेला. उरलेल्या बांधीत आजही धान पिकते आणि डोक्यावरून शिकाऊ वैमानिकांची विमाने घिरट्या घालतात.

रात्री जेवताना भाच्याने बॉम्ब टाकला, "अब्बा, मला स्टँड-अप कॉमेडी करायची आहे."

दुल्हेभाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे नकल्या होणार तू?"

आपा घाबरून म्हणाल्या, "त्या मुनव्वरला जेलात टाकलं होतं ना? नको बाबा!"

भाचा माझ्याकडे वळला, "मामू, तुम्हीच सांगा."

त्या रात्री मी फारसे काही बोललो नाही. पण असा प्रश्न आज पुष्कळ घरांत विचारला जातो आहे. म्हणून ज्याचे नाव आपांनी घेतले त्याचीच कहाणी आधी नीट पाहू.

जुनागढ ते डोंगरी

मुनव्वर फारुकीचा जन्म 28 जानेवारी 1992 रोजी गुजरातमधील जुनागढचा. 2002 च्या दंगलीत त्याच्या कुटुंबाचे घर उद्ध्वस्त झाले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढे किशोरवयातच अम्मीचे छत्र हरपले. वडील आणि बहिणींसोबत तो मुंबईला आला आणि डोंगरीत राहू लागला. वडील आजारी पडले तेव्हा घराची जबाबदारी या पोरावर आली. तो भांड्यांच्या दुकानात काम करू लागला. पुढे ग्राफिक डिझाइन शिकून त्यावर पोट भरू लागला.

कायद्याच्या भाषेत देशाची सीमा ओलांडून आश्रय घेणाऱ्याला निर्वासित म्हणतात. आपल्याच देशात घर सोडावे लागले तर तो विस्थापित. शब्द वेगळे आहेत, पण जळालेल्या घराकडे पाठ फिरवून चालू लागणाऱ्या लेकराला हा फरक कळत नाही. आपल्या गोंदिया जिल्ह्याला तर दोन्ही शब्द जवळचे आहेत. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे गोंदिया शहरात स्थिरावली. अर्जुनी मोरगाव तालुक्यात बंगाली निर्वासितांच्या वसाहती आहेत, आणि त्याच तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहतही आहे. ही माणसे शून्यातून उभी राहिली. कोणी दुकान टाकले, कोणी शेती केली, कोणी स्वेटर विकले. मुनव्वरने आपल्या आठवणींतूनच रिज्क शोधला.

साधारण 2017 च्या सुमारास मोबाइलवर कॉमेडीचे कार्यक्रम पाहून त्याला हा मार्ग सापडला. या धंद्याची पहिली पायरी म्हणजे 'ओपन माइक'. छोट्याशा जागेत नाव नोंदवायचे आणि चार-पाच मिनिटे मिळतात. पैसे बहुधा मिळतच नाहीत. समोर वीस-पंचवीस माणसे असतात आणि त्यातली निम्मी आपल्या पाळीची वाट पाहणारे कलाकारच असतात. कोणी हसले नाही तर घरी जाऊन तोच विनोद पुन्हा लिहायचा. असे महिनोन्‌महिने चालते. मुनव्वरने दंगल, गरिबी आणि डोंगरीच्या गल्ल्या यांवरच विनोद रचले. 2020 मध्ये त्याचा 'दाऊद, यमराज अँड औरत' हा कार्यक्रम यूट्यूबवर आला आणि नाव देशभर गेले.

इंदूरची ती संध्याकाळ

1 जानेवारी 2021. इंदूरच्या एका कॅफेत त्याचा कार्यक्रम होता. काही लोक कार्यक्रमात घुसले आणि त्याने देवदेवतांचा अपमान केल्याचा आरोप करून तक्रार दिली. मुनव्वर आणि त्याच्या सोबतच्या मुलांना अटक झाली. त्यात केवळ मुसलमान नव्हते, नलिन यादव, एडविन अँथनी अशी मुलेही होती. भारतीय दंड संहितेचे कलम 295-अ, म्हणजे धार्मिक भावना जाणीवपूर्वक दुखावण्याचे कलम, लावले गेले. खालच्या न्यायालयांत जामीन मिळाला नाही. 28 जानेवारीला मध्य प्रदेश उच्च न्यायालयानेही अर्ज फेटाळला. तो त्याचा एकोणतिसावा वाढदिवस होता.

5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. त्यामागचा मुद्दा प्रत्येक घरात माहीत असावा असा आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, अटकेची गरज का आहे ते नोंदवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले आहे. मुनव्वरच्या बाबतीत ही पद्धत पाळली गेली नसल्याचे वकिलांनी दाखवून दिले. महिन्याहून अधिक काळ तुरुंगात काढून तो बाहेर आला. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला असून हेच कलम आता भारतीय न्याय संहितेत 299 क्रमांकाचे आहे.

सुटका झाली तरी वाट मोकळी झाली नाही. धमक्यांमुळे कार्यक्रम एकामागून एक रद्द होऊ लागले. दोन महिन्यांत बारा कार्यक्रम रद्द झाल्याचे त्याने सांगितले. 28 नोव्हेंबर 2021 चा बेंगळुरूचा कार्यक्रमही पोलिसांनी होऊ दिला नाही. त्या दिवशी त्याने लिहिलेल्या निरोपावरून तो मंच सोडतो आहे असेच सर्वांना वाटले.

पण तो थांबला नाही. मे 2022 मध्ये 'लॉक अप' हा दूरचित्रवाणीसारखा स्पर्धा-कार्यक्रम त्याने जिंकला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हैदराबादला कडक पोलीस बंदोबस्तात त्याचा प्रयोग झाला, तर त्यानंतर काही दिवसांनी दिल्लीत परवानगी नाकारली गेली. आणि 28 जानेवारी 2024 रोजी तो 'बिग बॉस'च्या सतराव्या पर्वाचा विजेता ठरला. जामीन नाकारला गेला त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. दुसऱ्या दिवशी डोंगरीत त्याच्या स्वागताला रस्ता माणसांनी भरून गेला.

कुवेतहून ह्यूस्टनला

अशीच एक वाट दूर देशातही दिसते. मोहम्मद आमेर, ज्याला जग 'मो आमेर' म्हणते, 1981 मध्ये कुवेतमध्ये एका पॅलेस्टिनी कुटुंबात जन्मला. 1990 मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला आणि नऊ वर्षांच्या मोला घर सोडून अमेरिकेतील ह्यूस्टनला यावे लागले. चौदाव्या वर्षी वडील गेले. मुलगा शाळा बुडवू लागला, नापास होऊ लागला. तेव्हा एका शिक्षिकेने त्याच्यातला विनोद ओळखला आणि वर्गासमोर उभे राहायला लावून त्याला पुन्हा अभ्यासाकडे वळवले.

पुढे अझहर उस्मान आणि प्रीचर मॉस या मुस्लिम कलाकारांसोबत तो 'अल्लाह मेड मी फनी' या कार्यक्रमातून फिरला. अझहर उस्मान हा भारतीय वंशाचा, वकिली सोडून या क्षेत्रात आलेला. मोकडे कित्येक वर्षे कोणत्याच देशाचा पासपोर्ट नव्हता. निर्वासिताच्या प्रवास-कागदावर तो देशोदेशी कार्यक्रम करीत होता आणि विमानतळांवर थांबवला जात होता. 2009 मध्ये, आल्यावर सुमारे वीस वर्षांनी, त्याला नागरिकत्व मिळाले. 2022 मध्ये आलेली त्याची 'मो' ही मालिका याच अनुभवांवर आहे. तिला अमेरिकेतला मानाचा पीबॉडी पुरस्कार मिळाला.

दोघांच्या कहाणीत एक गोष्ट सारखी आहे. त्यांनी दुःख लपवले नाही आणि त्याचा बाजारही मांडला नाही. त्यांनी ते असे सांगितले की ज्याने ते भोगले नाही तोही हसता हसता थोडा गप्प झाला.

हसण्याचीही एक हद्द

आता दुल्हेभाईंच्या मुद्द्याकडे येतो. हसवणे हा हलका धंदा आहे का? आपल्या झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत रात्ररात्र चालते आणि गाव विनोदी पात्राचीच वाट पाहत बसते. प्रेषित (स.) स्वतः आपल्या साथीदारांशी थट्टा करीत. एकाने स्वारीसाठी उंट मागितला तर ते म्हणाले, तुला उंटिणीचे पिल्लू देतो. तो गोंधळला, तेव्हा प्रत्येक उंट कोणत्या तरी उंटिणीचेच पिल्लू असतो, हे त्यांनी समजावले. म्हणजे थट्टा होती, पण खोटे नव्हते. लोकांना हसवण्यासाठी खोटे बोलणाऱ्याला त्यांनी कडक इशाराही दिला आहे. आणि सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्या समूहाची टिंगल करू नये, अशी ताकीद आहे.

ही हद्द मुनव्वरलाही चुकली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये तळोजाच्या कोकणी लोकांवर केलेल्या एका अपशब्दी विनोदाने लोक दुखावले. विरोध झाला आणि त्याने व्हिडिओतून माफी मागितली. ज्याला स्वतःला अपमानाची झळ बसली होती, त्याची जीभही घसरली. मोठा कलाकार झाला तरी माफी मागण्यात कमीपणा नसतो, हेही आपल्या मुलांनी त्यातून शिकावे. ज्यांच्यावर विनोद करतो ते समोर बसले असते तर आपण हेच बोललो असतो का? हा प्रश्न मंचावर जाण्यापूर्वी विचारला तर पुष्कळ घोटाळे टळतात.

त्या रात्रीचा शेवट

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना हे सारे मी दुल्हेभाईंना सांगितले. ते ऐकत राहिले. मग मुलाला म्हणाले, "बरं, काहीतरी ऐकव. पाहू तर दे."

भाचा आधी लाजला. तेवढ्यात घरावरून एक विमान गेले. तो म्हणाला, "आमच्या शेतात आधी धान उतरायचं, आता विमान उतरतं. फरक एवढाच, धान घरी तरी यायचं."

क्षणभर कोणी बोलले नाही. मग दुल्हेभाई असे हसले की कपातला चहा बशीत सांडला. शेत गेल्यापासून त्या विषयावर त्यांना हसताना मी पाहिले नव्हते. आपांनी ओढणीचा पदर तोंडावर धरला.

निर्णय असा झाला. बी.कॉम. पूर्ण करायचे, नमाज आणि अभ्यास सोडायचा नाही, आणि महिन्यातून एकदा नागपूरला ओपन माइकसाठी जायचे. जाताना एकटे नाही, पहिल्या वेळी अब्बाही सोबत येणार. गोंदियाहून नागपूर रेल्वेने 130 किलोमीटर. गाड्या भरपूर आहेत.

आपांची भीती पूर्ण गेलेली नाही, ती जाणारही नाही. आईची भीती असते ती. पण निघताना त्यांनी मला हळूच विचारले, "मामू-भाचे मिळून माझ्यावर तर विनोद नाही ना करणार?"

मी म्हणालो, "आपा, तुम्ही समोर बसाल ना, मग कसे करू?"