अल्टरनेटरचा ब्रॅकेट पुन्हा पुन्हा का तुटतो?

कोरडवाहू रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात उरकावी, अशी शिफारस आहे. त्यातही पाऊस उघडल्यावर भारी जमिनीत वाफसा असतो तो मोजकेच दिवस. नेमका तेव्हा जुना ट्रॅक्टर दोन-तीन दिवस गॅरेजला उभा राहिला, तर वरच्या थरातली ओल उडते आणि उगवण विरळ होते. ट्रॅक्टर उभा राहण्याचे कारण अनेकदा इंजिन नसतेच. कारण असते वीतभर लांबीचा, अल्टरनेटर धरून ठेवणारा ब्रॅकेट.

अल्टरनेटर (अनेक जण अजून डायनामोच म्हणतात) इंजिनच्या बाजूला टांगलेला असतो. खाली बिडाचा किंवा जाड पत्र्याचा ब्रॅकेट, त्यातून जाणारा लांब बोल्ट आणि वर पट्टा ताणण्यासाठी लांबट खाच असलेली पट्टी. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर हे तिन्ही एकाच पट्ट्यावर फिरतात. त्यामुळे ब्रॅकेट तुटला की बॅटरी चार्ज होणे थांबतेच, शिवाय पट्टा उतरून पाण्याचा पंपही थांबतो. नांगराच्या ओझ्याखाली इंजिन काही मिनिटांत तापते, हेड गॅस्केट जाते, कधी हेडला तडा जातो. लहान भाग वेळेवर न बदलल्याने मोठा खर्च अंगावर येतो तो असा.

तडा एका दिवसात जात नाही

तीन सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांनी चालत असेल, तर मिनिटाला ३,००० वेळा इंधन पेटते. म्हणजे तासाला १ लाख ८० हजार धक्के. आठ तासांच्या नांगरटीत ते १४ लाखांवर जातात. सर्व काही घट्ट आणि सरळ रेषेत असेल तोवर ब्रॅकेट हे सहज सोसतो. एक बोल्ट जरा ढिला झाला की अल्टरनेटर ब्रॅकेटवर डुलायला लागतो आणि प्रत्येक धक्क्याला ब्रॅकेट किंचित वाकतो. तार मागे-पुढे वाकवून तोडतो तसाच हा प्रकार. चीर बोल्टच्या भोकाच्या कडेपासून किंवा आतल्या कोपऱ्यातून सुरू होते, हळूहळू सरकते आणि उरलेला भाग एका झटक्यात तुटतो. तुटलेला तुकडा नीट पाहा. एक भाग मळकट आणि गुळगुळीत, दुसरा ताजा आणि खरबरीत दिसला, तर चीर बऱ्याच दिवसांपासून होती असे समजावे.

बोल्ट ढिला होण्याइतकेच नुकसान करणारे, पण सहसा लक्षात न येणारे कारण म्हणजे न जुळणारा अल्टरनेटर. जुन्या डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवताना त्याचा पाय ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये नीट बसत नाही, थोडी फट राहते. तिथे योग्य जाडीचा वॉशर न घालता पाना फिरवून बोल्ट आवळला, की कान आतल्या बाजूला ओढला जातो. असा ब्रॅकेट इंजिन सुरू होण्याआधीच ताणात असतो. बिडाच्या ब्रॅकेटला वाकणे माहीत नाही, तो सरळ तडकतो.

पुली एका रेषेत नसली तर पट्टा तिरका ओढतो. पट्ट्याची कड झिजते, खाली काळी भुकटी पडते. आणि पट्टा जास्त ताणला तर अल्टरनेटर व पंपाच्या बेअरिंगवरही भार येतो. साधारणपणे दोन पुलींच्या मधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा १० ते १२ मिलिमीटर दबावा. तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळे माप असेल तर तेच धरावे.

ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर आणि दिवे लावण्याची हौस असते. त्यासाठी ३५ अँपिअरच्या जागी ६५ अँपिअरचा अल्टरनेटर बसवला जातो. पूर्ण भारावर त्याला जवळपास दुप्पट ताकद लागते, म्हणजे पट्ट्याची ओढही वाढते. ब्रॅकेट मात्र जुनाच राहतो. गाणी ऐकायला हरकत नाही, पण मग ब्रॅकेटही त्या मापाचा हवा.

तुटण्याआधी ओळखा

बोल्टच्या डोक्याभोवती तांबूस भुकटी दिसली, तर तो भाग आतून घासतो आहे. इंजिन बंद करून अल्टरनेटर हाताने हलवून पाहा. तो जराही डुलता कामा नये. चिरेचा संशय असेल तर गार ब्रॅकेट स्वच्छ पुसून डिझेल लावा, दहा मिनिटांनी कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तिथे डिझेल बाहेर येऊन पुडीत ओली रेघ उमटते.

वेल्डिंग करावे का?

पत्र्याचा ब्रॅकेट काढून, चिरेच्या टोकाला लहान भोक पाडून वेल्ड केला तर हंगाम निघू शकतो. बीड मात्र आधी तापवून, निकेलच्या रॉडने वेल्ड करून, सावकाश गार करावे लागते. साध्या रॉडने जोडलेले बीड जोडाशेजारी कडक आणि ठिसूळ होते, तिथेच पुन्हा तुटते. माझे मत विचाराल तर बिडाचा ब्रॅकेट नवाच घ्यावा. ब्रॅकेट ट्रॅक्टरवर असताना वेल्डिंग करूच नये. करंट अल्टरनेटरमधून गेला तर त्यातले डायोड जळतात.

नवा ब्रॅकेट बसवताना जुने बोल्ट वापरू नका. डोक्यावर ८.८ आकडा असलेले बोल्ट घ्या. इंजिनच्या बाजूचे आटे गेलेले असतील तर ते आधी लेथवाल्याकडून नीट करून घ्या. पट्टी लावून तिन्ही पुली एका रेषेत आहेत का ते पाहा. ढिलेपणा किंवा फट तशीच राहिली तर नवा ब्रॅकेटही तुटेल.

शेतात पट्टा उतरलाच, तर इंजिन लगेच बंद करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. पंप त्याच पट्ट्यावर असेल तर बांधापर्यंतसुद्धा ट्रॅक्टर चालवू नका, ओढून न्या. नवा पट्टा पहिल्या दिवसात थोडा सैल होतो, म्हणून संध्याकाळी तो पुन्हा ताणा आणि त्याच वेळी ब्रॅकेटचे सर्व बोल्ट पान्याने तपासा. पुढे प्रत्येक ऑइल बदलाच्या वेळी हेच करावे.