शर्यतीचे अंतर आणि सायकलचे चाक

मॅरेथॉन शर्यतीचे अंतर ४२.१९५ किलोमीटर असते. मार्ग याहून कमी भरला, तर धावपटूच्या विक्रमाला मान्यता मिळत नाही. १९८१ च्या न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझार यांनी २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांत शर्यत पूर्ण केली, तेव्हा तो जागतिक विक्रम मानला गेला. पुढे फेरमोजणीत मार्ग सुमारे १४८ मीटर कमी भरला आणि विक्रम बाद झाला.

वळणावळणाच्या रस्त्यावर पोलादी फीत अंथरून एवढे अंतर मोजणे व्यवहार्य नाही. उपग्रहाधारित घड्याळेही उंच इमारतींलगत चुकतात. म्हणून प्रमाणित सायकलची पद्धत जगभर स्वीकारली गेली आहे. ब्रिटनचे जॉन ज्युएल व अमेरिकेचे टेड कॉर्बिट यांनी १९६० च्या दशकात तिचा पाया घातला. १९७१ मध्ये आलेल्या जोन्स गणकामुळे ती सुलभ झाली. पुढच्या चाकाला जोडलेला हा गणक चाकाच्या एका फेऱ्यात २० आकडे पुढे सरकत असे.

प्रमाणीकरणाची रीत

प्रथम सरळ, सपाट रस्त्यावर किमान ३०० मीटर अंतर पोलादी फितीने आखतात. त्यावरून सायकल चार वेळा चालवून आकड्यांची सरासरी काढतात. समजा, ती २,८५० आली, तर एका किलोमीटरला ९,५०० आकडे होतात. मार्ग चुकूनही कमी भरू नये यासाठी या संख्येला १.००१ ने गुणतात. म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर जादा धरला जातो. मोजणी धावपटूला शक्य असलेल्या सर्वांत जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटर अंतर राखून होते.

उष्णतेचा परिणाम

ऊन चढले की टायरमधील हवा प्रसरण पावते, चाकाचा घेर किंचित वाढतो आणि तेवढ्याच अंतराला आकडे कमी पडतात. यासाठी मोजणी संपताच पुन्हा चार फेऱ्या घेऊन दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहतात व आवश्यक तेथे मार्गात दुरुस्ती करतात. दरम्यान स्वार बदलणे किंवा टायरमध्ये हवा भरणे वर्ज्य असते. पोलादी फीतही २० अंश सेल्सियसला प्रमाण मानलेली असते. ३० अंशांना ३०० मीटरमागे सुमारे साडेतीन सेंटिमीटरांचा फरक पडतो.

पुण्यात १९८३ मध्ये व मुंबईत २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. आता लहान शहरांतही शर्यती भरतात. तेथील होतकरू धावपटूच्या परिश्रमांचे खरे मोल व्हावयाचे, तर त्याच्या पायांखालचे अंतर आधी खरे असले पाहिजे.